ओआरटीएफ जोडीवर कॉयर आणि भजन: पावसाळा धरून वापरल्यानंतरचा अनुभव

दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे) कंडेन्सर माईक, त्यांना धरणारी एक स्टिरिओ पट्टी, एक उंच स्टँड आणि ४८ व्होल्ट फँटम (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) देणारा रेकॉर्डर. फोंड्याकडची भजनी मंडळं आणि पणजी-मडगावचे चार आवाजांत (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) गाणारे कॉयर असं दोन्ही आम्ही गेले काही महिने एवढ्याच सामानावर रेकॉर्ड करतो आहोत. आमचं मत आधीच सांगतो: समूहगायनासाठी प्रत्येक विभागापुढे वेगळा माईक लावण्यापेक्षा ही एक जोडी कितीतरी चांगली. मात्र गोव्याच्या हवेत तिची निगा राखावी लागते.

ही मांडणी ओआरटीएफ या तेव्हाच्या फ्रेंच सरकारी रेडिओची. दोन कॅप्सूलमध्ये (कॅप्सूल म्हणजे माईकचा आवाज टिपणारा भाग) १७ सेंटिमीटर अंतर, दोन्ही माईक बाहेरच्या बाजूला वळलेले, मधला कोन ११० अंश. हे आकडे अंदाजाने लावू नका. पट्टीवर खुणा नसतील तर पुठ्ठ्याचा ११० अंशांचा साचा कापून ठेवा आणि अंतर माईकच्या बुडाशी न मोजता कॅप्सूलपाशी मोजा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

जोडी डावीकडून उजवीकडे साधारण ९५ अंशांचा पट्टा नीट पकडते. कॉयर ६ मीटर रुंद उभा असेल तर माईक पहिल्या रांगेपासून पावणेतीन मीटरवर यायला हवेत. त्याहून जवळ गेलात तर कडेचे सोप्रानो आणि बास थेट स्पीकरला चिकटून ऐकू येतात आणि मध्ये पोकळी पडते. लांब गेलात तर सगळा कॉयर मधोमध गोळा होतो, वर देवळाचा किंवा चर्चचा घुमार चढतो.

उंचीबाबत कंजूषी करू नका. माईक तोंडाच्या पातळीवर, पहिली रांग २ मीटरवर आणि शेवटची ४ मीटरवर असेल तर मागच्यांचा आवाज ६ डेसिबलने कमी पोचतो. तेच माईक ४ मीटर उंच नेले की ही अंतरं ३.२ आणि ४.७ मीटर होतात आणि फरक साडेतीन डेसिबलच्या आत येतो. माईकचा रोख शेवटच्या रांगेच्या चेहऱ्यांवर ठेवा. इतक्या उंच स्टँडच्या पायांवर वाळूची पिशवी हवीच, ती नसेल तर स्टँड उभाच करू नका.

जोडी लावली की मिक्सरवर टेनर वाढवून घेण्याची सोय राहत नाही. तोल गाणाऱ्यांनीच साधायचा. रेडिओसाठी पगारी गायकवृंद उभे राहिले ते याच कामाला. बीबीसीचा १९२४ मध्ये ‘वायरलेस कोरस’ म्हणून सुरू झाला, लाइप्झिगचा त्याच वर्षीचा, बर्लिनचा आणि स्वीडिश रेडिओचा १९२५ चा. सुरुवातीला सगळं थेट प्रसारण, दुसरी संधी नाही. त्यामुळे नवं पान समोर येताच वाचून गाणं, सगळ्यांचा ‘आ’ एकाच घडणीचा ठेवणं आणि शेवटचा ‘स’ एकाच क्षणी सोडणं ही रोजची मेहनत झाली. स्टॉकहोमला वृंदसंचालक एरिक एरिक्सन यांनी १९५२ पासून तीस वर्षं या शिस्तीतून स्वीडिश रेडिओचा जो वृंद घडवला, त्याचं रेकॉर्डिंग ऐकलं की माईक किती कमी लागतात ते कळतं. आपल्याकडे चर्चच्या पॅरिश शाळांतल्या सोल्फेजमुळे (डो-रे-मी म्हणत स्वरलिपी वाचण्याची तालीम) वाचून गाणारे लोक गोव्यात आहेत, ही मोठीच जमेची बाजू. एखादा आवाज पुढे येत असेल तर त्या गायकाला अर्धा मीटर मागे उभं करा, प्रश्न तिथेच सुटतो.

भजनाला मात्र मांडणी बदलावी लागते. समोरासमोरच्या दोन रांगांत माईककडच्या टोकाला बसलेले दोघंच ऐकू येतात. मंडळाला अर्धवर्तुळात बसवा, पखवाज आणि हार्मोनियम मधोमध, झांज सगळ्यात मागे. रेकॉर्डिंगची लेव्हल गाण्यावरून ठरवू नका. झांजेचा फटका क्षणात वर जातो, म्हणून सगळ्यात जोरकस गजरात टोक रेकॉर्डरच्या मीटरवर उणे ६ डेसिबलवर (शून्य ही कमाल मर्यादा) राहील असं बघा. कॉयरला उणे १२ बरं. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर एवढी जागा सोडल्याने काही बिघडत नाही.

आता निगा. जुलैच्या दमट हवेत आमच्या एका माईकमधून तेलात पाणी पडल्यासारखी चरचर येऊ लागली. कॅप्सूलवरचा विद्युतभार ओलाव्यातून गळतो आणि तो आवाज येतो. माईक एसी गाडीतून थेट दमट सभामंडपात काढला तर हे हमखास होतं. पेटी बंदच ठेवून अर्धा तास थांबा, मग फँटम चालू करून आणखी वीस मिनिटं द्या. घरी हवाबंद डबा आणि निळी सिलिका, दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. आर्द्रतामापक ४० ते ५० टक्क्यांत असावा. आरएफ (रेडिओ वारंवारतेच्या) तत्त्वावर चालणाऱ्या कंडेन्सरला हा त्रास फार कमी, पण ते महाग.

पंखे बंद करवून घ्या. ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर) लावून घरघर कमी होते, पण बासचा खालचा ‘मी’ ८२ हर्ट्झचा, त्यालाही कात्री लागते. नळ्याच्या कौलांवर पाऊस सुरू झाला तर थांबा, तो आवाज कुठल्याही फिल्टरने निघत नाही.

शेवटी मोनो तपासणी. बरेच लोक फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकतात. दोन्ही चॅनेल एकत्र केल्यावर कडेचे आवाज पोकळ वाटले तर माईक किंचित मागे घ्या. तरीही पटलं नाही तर कॅप्सूल एकावर एक ठेवून ९० अंशांची एक्स-वाय मांडणी करा. विस्तार कमी मिळेल, मोनो स्वच्छ राहील. आणि जत्रेत कर्णे लावून चाललेल्या भजनासाठी ही जोडी घेऊ नका, तिथे हाताशी धरायचे डायनॅमिक माईकच कामाचे.