टॅपेट कव्हरच्या पॅकिंगसाठी मोजलेले साडेसतरा हजार रुपये

आमच्या घरची मारुती 800 ही 1998 सालची, माझ्या वडिलांनी निवृत्तीच्या वर्षी घेतलेली गाडी आहे. नोंदणीची पंधरा वर्षे 2013 मध्ये संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून आम्ही ती रीतसर चालवत आलो. 2023 चे नूतनीकरण तोंडावर आले असतानाच तिच्या इंजिनातून ऑइल गळू लागले. त्या गळतीच्या नावाखाली माझ्याकडून साडेसतरा हजार रुपये कसे उकळले गेले, आणि त्या कामामुळे चांगले चालणारे इंजिन कसे जाता जाता राहिले, हे जुनी गाडी जपणाऱ्या प्रत्येकाला कळावे म्हणून मी हा अनुभव लिहीत आहे.

सुरुवात वासाने झाली. वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याला आम्ही थांबलो, तेव्हा बॉनेटच्या फटींतून निळसर धूर येत होता आणि तेल करपल्याचा उग्र वास सुटला होता. घरी आल्यावर रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला, तर सकाळी त्यावर रुपयाएवढे तीन काळे डाग पडलेले होते. डिपस्टिक पाहिली तेव्हा ऑइलची पातळी खालच्या खुणेच्या जवळ आली होती.

महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये मी गाडी नेली. गॅरेज मोठे होते, स्वच्छ होते आणि समोर गाड्यांची रांग होती, एवढ्यावरच मी विश्वास ठेवला. तिथल्या माणसाने गाडी लिफ्टवर चढवली, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात त्या सांध्याखाली बोट फिरवले आणि ते काळे बोट माझ्यासमोर धरून तो म्हणाला, "ताई, मागचं क्रँक सील गेलंय. हेड गॅस्केटही फुटायला आलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, हेड खोलावं लागेल. असं ठेवलंत तर आरटीओत पासिंग होणार नाही." क्रँक सील म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीची, ऑइल रोखणारी रबरी कडी, आणि हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) व खालचा ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग. त्याने सांगितलेला आकडा बावीस हजारांचा होता. मी आढेवेढे घेतल्यावर तो साडेसतरावर आला, आणि पासिंगच्या धास्तीने मी होकार दिला.

तिसऱ्या दिवशी गाडी परत मिळाली तेव्हा इंजिन नव्यासारखे चकचकीत दिसत होते. कोऱ्या कागदावर हाताने लिहिलेल्या बिलात मागचे आणि पुढचे क्रँक सील, हेड गॅस्केट, टॅपेट कव्हरचे पॅकिंग, पाच लिटर इंजिन ऑइल, कूलंट आणि मजुरी अशा नोंदी होत्या. या गाडीच्या इंजिनात सुमारे तीन लिटर ऑइल मावते, हे मला त्या वेळी ठाऊक असते तर पुढच्या प्रत्येक ओळीवर मी प्रश्न विचारला असता. जुने सुटे भाग मागितले तेव्हा मला एक काळे रबरी सील दाखवून तेच आमचे असल्याचे सांगण्यात आले. हेड गॅस्केट मात्र "कचऱ्यात गेलं".

पासिंग झाले. त्यानंतर सहा आठवड्यांनी पुठ्ठ्यावर पुन्हा डाग दिसू लागले, आणि एका दुपारी सिग्नलला उभे असताना डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. ॲक्सिलरेटर दाबला की विझायचा, इंजिन मंद चालू लागले की पुन्हा लागायचा. हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नसून ऑइलचा दाब कमी झाल्याचे सांगतो, आणि तो दिसल्यावर गाडी पुढे दामटणे म्हणजे बेअरिंगे कोरडी घासू देणे होय. माझ्या भावाने फोनवर ओरडूनच मला इंजिन बंद करायला लावले. गाडी ओढून कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरमधील एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली, आणि तिथे चार तास उभी राहून मी जे पाहिले त्यातून सगळा प्रकार उघड झाला.

मिस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी नुसता टॉर्च मारून मला एकेक जागा दाखवली. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचा चिखल वाळून दगडासारखा झालेला होता आणि त्याला कुठेही तडा गेलेला नव्हता. "ताई, या बोल्टांना पाना लागलेलाच नाही," एवढेच ते म्हणाले. मागचे क्रँक सील बदलायचे तर गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो, म्हणजे ते सील बदललेलेच नव्हते. रेडिएटरच्या वरच्या पाइपावरील क्लिप जिथे बसली होती तिथे गंजाची अखंड रेघ होती आणि मॅनिफोल्डचे, म्हणजे हेडला जोडलेल्या नळ्यांच्या जुडग्याचे, नट गंजाने एकजीव झालेले होते. हेड उतरवताना हे सुटे करावेच लागतात, त्यामुळे हेड गॅस्केटही जुनेच होते. कूलंटच्या नावाने घेतलेल्या पैशांचा पुरावा टाकीतच होता, कारण आतले पाणी पूर्वीइतकेच तपकिरी होते.

मग त्यांनी टॅपेट कव्हर काढले. हे इंजिनाच्या अगदी वरचे झाकण असते. त्याखाली व्हॉल्व्ह उघडझाप करणारे कॅमशाफ्ट आणि रॉकर ऑइलमध्ये न्हात असतात, आणि झाकण व हेड यांच्यामध्ये पॅकिंग असते. माझ्या गाडीत ते पॅकिंग नवे नव्हते. जुनेच, उन्हात वाळलेल्या चपलेच्या पट्ट्यासारखे कडक झालेले पॅकिंग तसेच ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंनी राखाडी सिलिकॉन थापलेले होते. मिस्त्रींनी त्या पॅकिंगचा तुकडा दोन बोटांत वाकवला, तो कट्कन मोडला. आतल्या बाजूला दाबून बाहेर आलेल्या सिलिकॉनच्या कडा शेवयांसारख्या लोंबत होत्या, आणि काही ठिकाणी त्या तुटून गेल्याचे स्पष्ट दिसत होते. त्या कुठे गेल्या हे खालचा चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारे भांडे, काढल्यावर कळले. ऑइल पंप जिथून ऑइल ओढून घेतो त्या जाळीवर सिलिकॉनचे तुकडे चिकटून अर्ध्याहून अधिक जाळी बुजली होती, आणि लाल दिवा लागण्याचे कारण तेच होते. गळती थांबवण्याच्या नावाखाली लावलेल्या दीडशे रुपयांच्या ट्यूबने संपूर्ण इंजिन गमावण्याची वेळ आणली होती.

मूळ गळती पहिल्या दिवसापासून फक्त या पॅकिंगमधून होती. वरून ओघळलेले ऑइल हेडच्या मागच्या बाजूने ब्लॉकवर उतरते, वाऱ्याने पसरते आणि शेवटी गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी थेंब होऊन पडते, म्हणजे मागचे क्रँक सील गळत असते तर थेंब जिथे पडला असता नेमका तिथेच. खालून बोट फिरवून दाखवणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. ऑइल सर्वांत वर जिथे ओले दिसते तिथून शोध सुरू करायचा असतो, आणि तेही इंजिन आधी डिझेलने किंवा डीग्रीझरने धुऊन, कोरडे करून, वीस-तीस किलोमीटर चालवून आणल्यावर. मिस्त्रींनी संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर शिंपडली होती. पावडर जिथे आधी काळवंडते तिथून गळती असते, आणि हे पाहायला लिफ्ट लागत नाही.

हे पॅकिंग इतक्या लवकर का कडक झाले, याची दोन कारणे मिस्त्रींनी दिली आणि मला ती महत्त्वाची वाटतात. पहिले म्हणजे, जुन्या 800 मध्ये ठरावीक काळाने टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायची फट जुळवण्याचे काम, करावे लागते आणि त्यासाठी हे कव्हर प्रत्येक वेळी उघडावे लागते. उष्णतेने एकदा दबून आपला आकार घेतलेले रबर पुन्हा बसवले की पूर्वीसारखे फुगून फट भरत नाही, तरीही अनेक ठिकाणी तेच पॅकिंग परत लावले जाते, आणि गळू नये म्हणून बोल्ट आणखी आवळले जातात. या बोल्टांना लागणारा ताण अगदी थोडा असतो, सर्वसाधारणपणे पाच ते दहा न्यूटन-मीटर, म्हणजे चाकाच्या नटांच्या मानाने नगण्य. जास्त आवळल्याने कव्हरची किनार बोल्टापाशी खाली दबते आणि दोन बोल्टांच्या मध्ये वर उचलली जाते, मग पॅकिंग नवे असले तरी तिथून ऑइल येतच राहते. माझ्या कव्हरवर त्यांनी पोलादी पट्टी धरली तेव्हा मधल्या भागात पट्टीखालून उजेड दिसत होता. दुसरे कारण ब्रीदरचे. पिस्टनच्या बाजूने खाली उतरणारे वायू बाहेर जाण्यासाठी जी नळी असते ती काळ्या मळीने चोंदली होती, त्यामुळे इंजिनाच्या आत दाब साठून तोच दाब ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलत होता. ही नळी साफ केल्याशिवाय कितीही पॅकिंगे बदलली तरी ती टिकत नाहीत. मजुरी वाचवण्यासाठी ही एक गोष्ट कुणीही टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

खरे काम अवघड नव्हते, पण घाईचेही नव्हते. दोन्ही पृष्ठभागांवरचे जुने सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडले, कारण लोखंडी पात्याने हेडच्या ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तिथून नवी गळती सुरू होते. खरवडताना आत कण पडू नयेत म्हणून रॉकरांवर स्वच्छ फडके अंथरले. कव्हरची किनार सपाट पृष्ठभागावर लाकडी हातोडीने हळूहळू सरळ केली, ब्रीदरची नळी पेट्रोलने धुतली, नवे पॅकिंग कोरडेच बसवले आणि बोल्टांखालचे रबरी वॉशरही बदलले. बोल्ट मधून सुरू करून तिरप्या क्रमाने, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळले. पॅकिंग 180 रुपयांचे होते. चेंबर काढून जाळी साफ करणे, ऑइल, फिल्टर आणि मजुरी धरून एकूण 3,400 रुपये झाले, आणि त्यातला मोठा भाग आधीच्या गॅरेजने केलेली घाण काढण्यासाठीच खर्च झाला.

आता मी कुठल्याही गॅरेजमध्ये गाडी देण्याआधी बॉनेटखालची आणि गाडीखालची छायाचित्रे काढून ठेवते, बदललेला प्रत्येक भाग त्याच दिवशी परत देण्याची अट कामाच्या कागदावर लिहून घेते, आणि इंजिन धुऊन गळतीची जागा प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय ते खोलायला संमती देत नाही.

त्या गॅरेजला मी लेखी पत्र पाठवले तेव्हा मालकाने आठ हजार रुपये परत देऊ केले, पण तक्रार करणार नाही असे लिहून मागितले, म्हणून मी ते घेतले नाहीत. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर चौकशी केल्यावर जिल्हा ग्राहक आयोगाची वाट समजली. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, आणि 2019 च्या कायद्यानुसार रीतसर बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. माझ्याकडे पक्के बिल नव्हते, मात्र पैसे यूपीआयने दिले असल्याने त्याची नोंद होती. उद्यमनगरच्या मिस्त्रींनी न बदललेल्या भागांची यादी सहीनिशी लिहून दिली, आणि जाळीतून निघालेले सिलिकॉनचे तुकडे त्यांनीच एका काचेच्या बरणीत भरून माझ्या हाती दिले. त्या बरणीची छायाचित्रे तक्रारीला जोडली आहेत, आणि सुनावणीच्या दिवशी मी ती बरणी सोबत नेणार आहे.