व्यायच्या आधी द्यायची खनिज पूड: एका हंगामाचा अनुभव

गाय व्यायल्यावर जार (वासरामागून पडणारी वार) अडकला की धावत जाऊन गर्भाशयाच्या टॉनिकची बाटली आणायची, ही माझी कित्येक वर्षांची रीत. मागच्या हंगामात आठ गायी व्यायल्या, तिघींचा जार चोवीस तासांनंतरही आतच. त्यातली चांदी पुढे गर्भाशयदाहाने इतकी खंगली की पाच महिने माजावर आली नाही. तिच्याकडे बघवत नव्हतं.

या वेळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे भाकड काळाचे, म्हणजे व्यायच्या आधी दूध बंद असतं त्या काळाचे, शेवटचे २१ दिवस एक खनिज पूड दिली. तिच्यात ऋणभारित क्षार, सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व आहे. सात गायी व्यायल्या, सहाजणींचा जार आठ तासांच्या आत पडला. सातवीला जुळं झालं, तिचा अडकला. जुळं झालं, गाभ पडला किंवा गाय दिवस भरायच्या आधी व्याली, तर पुडीकडून फार आशा धरू नका.

जार गर्भाशयाला शंभरेक ठिकाणी बटणांसारखा जोडलेला असतो. तो नुसत्या कळांनी सुटत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला परका म्हणून ओळखतात, तेव्हा ती बटणं सैल होतात. सेलेनियम आणि ई कमी पडलं की या पेशी मंदावतात. कॅल्शियम उतरलं तर पेशीही थकतात आणि गर्भाशयाचा जोरही जातो. ऋणभारित क्षारांमुळे गायीचं शरीर व्यायच्या वेळी हाडांतलं कॅल्शियम लवकर मोकळं करतं. म्हणजे खरं काम व्यायच्या आधीच व्हायला हवं, आणि मी इतकी वर्षं नंतर बाटल्या पाजत होतो.

आता तक्रारी. पूड कडवट आहे. पहिल्या दिवशी दोन गायींनी आंबोणाला (भिजवलेल्या खुराकाला) तोंडच लावलं नाही. ओल्या आंबोणात थोडी थोडी मिसळून चौथ्या दिवशी पूर्ण मात्रेवर आलो. या दिवसांत खाणं घटलं तर फायद्यापेक्षा नुकसानच जास्त, म्हणून गव्हाण रोज बघायची. लघवीचा सामू (pH) तपासल्याशिवाय मात्रा बरोबर आहे की नाही ते कळत नाही. माझ्या होल्स्टीन गायींसाठी डॉक्टरांनी ६ ते ६.८ सांगितला होता. तरी पिशवीत तपासपट्ट्या नाहीत. लसूणघासही मी तेवढे दिवस बंद ठेवला, कारण त्यातलं पोटॅशियम क्षारांचा परिणाम मारतं.

सगळ्यात राग आला तो लेबलचा. पुढे मोठ्या अक्षरात ‘जार हमखास पडणार’, आणि सेलेनियमचं प्रमाण मागे बारीक अक्षरात. मी सवयीने सेलेनियमचं इंजेक्शनही आणून ठेवलं होतं. डॉक्टरांनी हात धरला म्हणून बरं, दुहेरी सेलेनियमने विषबाधा होऊ शकते.

जुळंवाली गाय आता ठीक आहे. जार ओढला नाही, लोंबणारा भाग तेवढा कापला आणि दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजला. चौथ्या दिवशी १०४ फॅरनहाइट भरला, त्याच दिवशी डॉक्टरांनी प्रतिजैविक सुरू केलं.

पूड मी पुन्हा घेणार आहे, पण दुसऱ्या वेतापासूनच्या गायींसाठी. पहिलारू कालवडींना हे क्षार देत नाही. व्यायच्या तारखा गोठ्याच्या दारावर खडूने लिहिल्यात. चांदीचे २१ दिवस येत्या सोमवारी सुरू होतात.