लाकडी स्टेशनचं किट: एक पावसाळा काढल्यानंतर

भिंती सरळ आहेत, कोपरे उघडलेले नाहीत, खिडकीची एक चौकट हललेली नाही. छप्पर मात्र गेलं. ऑगस्टअखेर लेआउटवरचं, म्हणजे घरातल्या माझ्या छोट्या रेल्वेच्या मांडणीवरचं, प्लास्टिक काढलं, तर स्टेशनच्या पश्चिमेकडच्या उतारावरच्या शिंगलच्या (कौलांसारख्या पातळ, चपट्या तुकड्यांच्या) पट्ट्या खालच्या कडेनं उचलल्या होत्या आणि वळचणीच्या काही थेट रुळांवर येऊन पडल्या होत्या. हे किट फेब्रुवारीत पूर्ण झालं तेव्हाच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. पावसाळ्याआधी कुठल्याही छपराची तारीफ करू नये, हे पुण्यात राहून कळायला हवं होतं म्हणा.

किट ओळखणारे ओळखतीलच. एचओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापाचं मॉडेल, लेझरने कापलेलं बासवुड नावाचं हलकं लाकूड, अमेरिकेतल्या एखाद्या गावाबाहेरचं छोटं स्टेशन. एका टोकाला प्रवाशांची खोली, दुसऱ्या टोकाला मालाची, मध्ये तारमास्तरची रुळांकडे पुढे आलेली खिडकी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण झालं आणि मिटलंही. किंमत ७५ डॉलर. थेट मागवायचा प्रश्नच नव्हता. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर, आणि आपली मॉडेलं त्याच खेळण्यांच्या रांगेत मोजतात. त्यामुळे खोकं बहीण न्यू जर्सीहून दिवाळीला येईपर्यंत तिच्याकडेच पडून राहिलं. खोकं चपटं असतं, बॅगेत साड्यांच्या थरात आरामात बसतं.

पुण्यात राहून अमेरिकन स्टेशन कशाला, असं विचारणारे भेटतात. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय पाहून हे वेड लागलेले आमच्यासारखे बरेच आहेत. पण एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, तो अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजला बरोबर बसतो. आपला ब्रॉडगेज १६७६ चा, म्हणजे त्याच प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर हवा. भारतीय इंजिनं या रुळावर चालवता येतात, पण एकदा डोळ्याला ती तफावत दिसली की दिसतच राहते. मला दिसली. म्हणून माझी लाइन अमेरिकन.

आता भिंती. इथे माझं मत साफ उलटलं आहे. सूचनांच्या पुस्तिकेत सुरुवातीची पानंच्या पानं भिंतींच्या मागे आधाराच्या पट्ट्या चिकटवण्यात जातात. लाकडाच्या रेषेला आडव्या, कोपऱ्यापासून थोड्या आत, प्रत्येक खिडकीच्या दोन्ही बाजूंना. वर सक्तीचा आदेश: रंग दोन्ही बाजूंना द्या, जी बाजू कुणी कधीच पाहणार नाही तिलासुद्धा. तेव्हा वाटलं होतं, खोक्यातल्या काड्या संपवायला हे काम काढलंय. आता वाटतं, या किटमधली सगळ्यात मोलाची पानं तीच. लाकूड दमट हवेत रेषेच्या दिशेनं फारसं वाढत नाही, आडवं मात्र फुगतं. त्यात या भिंतींना एकाच बाजूनं फळ्यांच्या खाचा मारलेल्या. दोन बाजू सारखा ओलावा घेत नाहीत, म्हणून भिंत कमान धरते. माझी धरली नाही. अख्खा जुलै, खिडकीला लागून ठेवलेला लेआउट, तरी भिंतीवर पट्टी उभी धरली तर खालून उजेड दिसत नाही.

थोडं श्रेय चपड्याचंही, म्हणजे लाखेच्या पॉलिशचंही, आहे. जुन्या लेखांत पाण्याच्या रंगाआधी फ्लोक्विल हा सॉल्व्हंटमधला मॉडेलांचा रंग मारा असं असतं, पण ते रंग २०१३ मध्ये बंद झाले. बोहरी आळीत गेलो, चपडा आणि स्पिरिट मागितलं.

"काका, पेटी पॉलिश करायचीय का?" दुकानदारानं विचारलं.

"नाही, स्टेशन."

त्यानं पुढे काही विचारलं नाही, पुडी बांधली. चपडा पातळ विरघळवून दोन्ही बाजूंना एक-एक हात मारला, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर. त्यानंतर अॅक्रिलिक चढवला तरी लाकूड पाणी पीत नाही. लेझरनं काळ्या पडलेल्या कडा मात्र आधी घासून घ्या, त्या काजळीवर फेविकॉल नीट धरत नाही.

रंगकाम हा या किटचा खरा आनंद. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांची छोटी स्टेशनं ठरावीक नकाशांवर बांधलेली असत आणि कंपनीचे रंगही ठरलेले. बऱ्याच ठिकाणी भिंतीचा खालचा पट्टा गडद, मळ आणि काजळी दिसू नये म्हणून. मी वर मळका पिवळा घेतला, खाली तपकिरी. पण नवाकोरा पिवळा नको होता, डबघाईला आलेल्या शाखेवरचं स्टेशन हवं होतं. त्यासाठी आधी उघडं लाकूड काळ्या ड्रॉइंग इंकच्या पाणचट हातानं करडं करून घ्यायचं. इंक पाण्यात नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळायची. केमिस्टकडचं ७० टक्केवालं नको, त्यात पाणी असतं. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे सर्किट पुसायचं ९९ टक्केवालं मिळतं, ते घ्या. (खालच्या काही फळ्या चपडा न लावता सोडल्या होत्या, इंक जिरायला.) मग भिंतीवर टर्पेंटाइनचा हलका हात, आणि ते ओलं असतानाच वरून कॅम्लिनचा अॅक्रिलिक. थोडा सुकला की सेलोटेप दाबून चिकटवायची आणि एका झटक्यात ओढायची.

पहिली पट्टी ओढली तो क्षण मी किटच्या किमतीत धरतो. टेपवर पिवळ्या रंगाच्या बारीक खपल्या आल्या आणि भिंतीवर फळीच्या खालच्या कडेनं, नेमकं जिथे पाणी साचून रंग सुटतो तिथेच, करडं लाकूड उघडं पडलं. ब्रशनं असलं काही रंगवायला गेलं की ठिपके ठिपके होतात. इथे मात्र हात कुणाचाच दिसत नाही. प्रत्येक फळीच्या टोकाला सुईनं खिळ्यांची भोकं पाडली होती, त्यांत इंक बसली. भिंतीची उंची चाळीस-बेचाळीस मिलिमीटर, दाराची २४.५, म्हणजे खऱ्या मापात सात फूट. त्यात खिळे कोण बघणार? मी बघतो.

खिडक्यांबद्दल तक्रार नाही. वरची झडप, खालची झडप आणि चौकट असे तीन थर, मागे चिकट कागद, सोलून एकावर एक लावायचे. तारमास्तरची खिडकी तिन्ही बाजूंनी काचेची, कारण त्याला खुर्चीतून न उठता दोन्हीकडची लाइन दिसायला हवी. किटमध्ये तिचे कोन बरोबर जुळतात. धातूचे ओतीव तुकडे सामान्य. पिंपं चालतील, सामानाच्या हातगाडीची चाकं कानशीनं घासून गोल करावी लागली.

आणि आता शिंगल.

किटमधला चिकट कागद खिडक्यांना आहे तोच छपरालाही आहे, असं माझं मत. खिडकीची झडप चौकटीत अडकलेली असते, तिला कुठे जायला जागा नसते. शिंगलची पट्टी फक्त वरच्या अर्ध्या भागानं धरलेली, खालची कड मोकळी. त्या कागदाखाली लाकडाचं छप्पर, दमट हवेत दोघं वेगवेगळे वाढणार. ही साधी गोष्ट एवढा सुबक नकाशा काढणाऱ्याला सुचू नये? छपरावर ओळी छापलेल्या, प्रत्येक पट्टीला शिंगलच्या चिरा आधीच मारलेल्या, ओळीआड जोड हुकवण्यासाठी खुणासुद्धा. सगळी हुशारी मांडणीत खर्च केली आणि डिंकापाशी हात आखडला.

मी ईमेल टाकला, फोटोंसकट. उत्तर आलं की खोलीतली आर्द्रता नियंत्रित ठेवावी. पुण्यात जुलैत! पुढे असंही होतं की शिंगलवर अल्कोहोल लागलं असेल तर हा डिंक सुटतो, त्याची जबाबदारी कंपनीवर नाही. हे मात्र डोक्यात गेलं. कारण त्यांच्याच पुस्तिकेत, छपराच्या पानावर शेवटच्या ओळीत लिहिलंय: सर्व पट्ट्या बसल्यावर इंक आणि अल्कोहोलचा हलका हात द्यावा. त्या पानाचा फोटो काढला, ओळीखाली लाल रेघ ओढली, पाठवून दिला. वर एक शब्द लिहिला नाही.

दोन दिवस शांतता. मग ज्या माणसानं आधी आर्द्रतेचा सल्ला दिला होता त्याचंच उत्तर, बरंच मऊ. ओळ चुकीची आहे, पुढच्या छपाईत बदलू, नवीन शिंगलचे ताव फुकट पाठवतो, पत्ता द्या. अमेरिकेतलाच हवा, बाहेर पाठवायचं तर टपाल खर्च मी द्यायचा. तो खर्च किटच्या निम्म्याच्या घरात जात होता. पुन्हा बहिणीचा पत्ता.

एवढ्यानं माझा राग उतरला, हे खरं. आपल्याकडे वॉशिंग मशीनवाल्याकडून "आमची चूक" हे दोन शब्द काढायला वर्ष जातं. पण ताव येईपर्यंत उघड्या छपराकडे बघवेना, म्हणून घरचाच उपाय केला आणि तिथे किटबद्दलचं मत परत एकदा फिरलं.

शेअरच्या वार्षिक अहवालांची खाकी पाकिटं घरात साठलेली असतात. त्यांचा कागद जाड आणि किंचित खरखरीत. आधी अख्ख्या कागदाला इंक आणि अल्कोहोलचा हात, काही तुकड्यांना गडद, काहींना फिका, एकाला चहाचा. पूर्ण सुकू दिला. मग ४ मिलिमीटरच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला निम्म्यापर्यंत कात्रीनं चिरा, साधारण पावणेदोन मिलिमीटरवर. एचओत तेवढ्याची सहा इंच शिंगल होते. चिरा मुद्दाम कमीजास्त मारल्या, मधूनच एखादी शिंगल तोडून टाकली. वळचणीपासून वर चढत जायचं, पातळ केलेल्या फेविकॉलची एक रेघ, पट्टी ठेवायची, बोटानं दाबायची. वर कण्यावर दुमडलेली पट्टी. रविवारी दुपारी वामकुक्षीचा बळी दिला तर एका उतारापुरतं काम होतं.

हे छप्पर किटमधल्या छपरापेक्षा चांगलं दिसतं. लेझरच्या शिंगल सगळ्या एका उंचीच्या, एका रंगाच्या, आठवड्यापूर्वी बसवल्यासारख्या. खाकी छपरावर डाग आहेत, ओळी किंचित लहरतात, आणि त्या सोललेल्या पिवळ्या भिंतींना ते शोभतं. सप्टेंबरचा परतीचा पाऊस त्यानं बघितला, एक कड उठली नाही.

म्हणजे ७५ डॉलरमधलं छपराचं कलम माझ्या हिशेबी शून्य. उरलेल्या किमतीत भिंती आणि खिडक्या मिळतात आणि तेवढ्यासाठी हे किट घ्यावं असंच सांगेन, पण सवलतीत असताना, आणि आणणारं कुणी असेल तर. नवशिक्यानं आधी याच कंपनीची मालाची छोटी शेड घ्यावी. तिला पन्हाळी पत्र्याचं छप्पर असतं, शिंगलची भानगडच नाही.

बदली शिंगलचे ताव परवा बहिणीच्या मैत्रिणीबरोबर पोचले. चांगले जाड आहेत, या वेळी डिंकही वेगळा वाटतो. मला उपयोग नाही. कुणाला हवे असतील तर घेऊन जा, बदल्यात २ मिलिमीटरच्या बासवुडच्या काड्या चालतील. पोस्टानं हवे असतील तर खर्च तुमचा.