दाणे खातो म्हणून गळ्यात मारलेला मँडरिन

ठाण्यातलं मरीन माशांचं दुकान, नाव नाही घेत. टँक चकाचक, पाणी काचेसारखं, ते मान्यच. पण मँडरिन फिश घेताना काउंटरवरचा भाऊ म्हणाला, "दाणे टाका ओ, सगळं खातो." कसलं काय! हा जेमतेम ६-७ सेंमीचा, निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी पट्टे, पैठणीच्या काठासारखा नुसता बघत बसावं असा, आणि दिवसभर दगडांवर टुकटुक करत कोपेपॉड नावाचे जिवंत बारीक जीव शोधतो, दाण्यांकडे ढुंकूनही बघत नाही. माझा टँक जेमतेम दोन महिन्यांचा, अजून मुरलेला नाही, त्यात पुरेसे कोपेपॉड कुठले? तीन आठवड्यांत पोट खपाटीला गेलं बिचाऱ्याचं. परत न्यायला गेलो तर बोर्डाकडे बोट, विकलेला माल परत नाही. दोन स्टार, तेही पाण्याचे.