भिंतीवरची ५ युनिटची लिथियम बॅटरी: गोव्याच्या घरात कितपत चालते?

वीज गेली की छतावरचे सोलरही बंद पडते, हे नेट मीटरिंग (जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करणे) घेतलेल्या घरांना बहुधा पहिल्या पावसाळ्यात कळते. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइन जाताच स्वतःला तोडून घेतो. खांबावर चढलेल्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. सत्तरी, पेडणे, काणकोणकडे फांदी तारांवर पडली की रात्र अंधारात जाते, आणि मग ५१.२ व्होल्ट, १०० एएचच्या (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची चौकशी सुरू होते. कंपन्या पुष्कळ, पण आतला माल जवळपास सारखाच: ३.२ व्होल्टचे १६ सेल, त्यांच्यावर लक्ष ठेवणारे आणि गरज पडली तर बॅटरी तोडणारे सर्किट, म्हणजे बीएमएस, आणि ४५-५० किलो वजन. छतावरच्या सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेचे अनुदान (जास्तीत जास्त ७८,००० रुपये) पॅनेलच्या क्षमतेवर मिळते. बॅटरीचा खर्च तुमचा.

कागदावर ५.१२ युनिट. तळाचे १० टक्के राखून आणि इन्व्हर्टरमधली घट वजा करून हाती येतात सव्वाचार. रात्रीच्या दहा तासांत तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ०.९ युनिट, फ्रिज अर्धा, दिवे आणि वायफाय ०.३, आणि इन्व्हर्टर स्वतः ५० वॅटने आणखी अर्धा युनिट खातो. हे सगळे आरामात निभते. एसी लावलात तर मात्र पहाटेपर्यंत पुरेल याची खात्री नाही.

अडते ते विहिरीवरच्या पंपापाशी. १ एचपीचा पंप चालताना किलोवॅटभर घेतो, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहापट ओढतो. एका बॅटरी पॅकची मर्यादा १०० अँपिअर असेल तर बीएमएस पुरवठा तोडतो आणि अख्खे घर काळोखात. दोन पॅक घ्या किंवा पंप हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवा, असे विक्रेता सांगेल. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पंप बॅकअपच्या लाइनवर ठेवूच नये. टाकी दिवसा भरावी.

इन्व्हर्टरच्या नेहमीच्या पाण्याच्या लेड-ॲसिड बॅटरीशी, म्हणजे ट्यूब्युलरशी, तुलना होणारच. १२ व्होल्ट, १५० एएचच्या चार बॅटऱ्या म्हणजे ७.२ युनिट, पण टिकवायच्या तर निम्मेच वापरायचे. वर डिस्टिल्ड वॉटर, ॲसिडची वाफ आणि १०० युनिट घालून ८०-८५ परत. लिथियम ९५च्या आसपास देते. तरीही तास-दोन तासच वीज जात असेल तर ट्यूब्युलर पुरते.

बसवताना चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत दगा देते. चिरा ठिसूळ, साधा अँकर बोल्ट आतल्या आत फिरतो. बोल्ट आरपार काढून मागे लोखंडी पट्टी द्यावी, नाहीतर सरळ जमिनीपासून फूटभर उंच स्टँड करावा. कौलांखालचा माळा नको, तिथल्या उकाड्यात सेल लवकर म्हातारे होतात. डेटाशीटवरच्या ६००० सायकल (एकदा भरून रिकामी करणे म्हणजे एक) २५ अंश तापमानाच्या असतात. पडवीतही नको, कारण बरेच पॅक आयपी-२०चे, म्हणजे पाण्यापासून संरक्षण शून्य. किनारपट्टीला खारा वारा तांब्यावर हिरवा चढ आणतो, म्हणून केबलच्या टोकाला कथिलाचा मुलामा दिलेले लग (जोडणीचे टोक) वापरावेत. ५ किलोवॅटच्या इन्व्हर्टरला ३५ चौरस मिमीची तांब्याची केबल आणि १२५ अँपिअरचा डीसी ब्रेकर लागतो. घरातल्या एसी (प्रत्यावर्ती) विजेचा एमसीबी इथे चालत नाही, बॅटरीच्या डीसी विजेची ठिणगी (आर्क) त्याच्याने तुटत नाही.

तक्रारी बहुतेक सेटिंगच्या असतात, बॅटरीच्या नव्हे. जुना इन्व्हर्टर लेड-ॲसिडच्या सेटिंगवरच ठेवला तर इक्वलायझेशनला (लेड-ॲसिडसाठी अधूनमधून दिला जाणारा जादा व्होल्टेजचा चार्ज) तो ५८ व्होल्टच्या वर जातो आणि बीएमएस बॅटरी तोडतो. ते फंक्शन बंद करून चार्जिंग ५६ ते ५६.८, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचा व्होल्टेज) ५४, कटऑफ (ज्याखाली वापर थांबतो) ४८ व्होल्ट ठेवावे. चार्जिंगचा करंट शक्यतो ५० अँपिअरच्या आत. दुसरे असे की २० ते ८० टक्क्यांमध्ये या सेलचा व्होल्टेज फारसा हलत नाही, त्यामुळे व्होल्टेजवरून काढलेली टक्केवारी निव्वळ अंदाज. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यात माहिती नेणारी कॅन किंवा आरएस-४८५ची केबल जोडायलाच हवी, आणि दोन्ही टोकांची पिनांची मांडणी मॅन्युअलमध्ये तपासून. घरातली लॅन केबल खुपसली म्हणून संवाद सुरू होईलच असे नाही. इन्व्हर्टरवरचा आणि बॅटरीवरचा आकडा जुळल्याशिवाय तंत्रज्ञाला सोडू नये.

जुलैत एक वेगळाच प्रकार होतो. ३० टक्के दाखवणारी बॅटरी एकदम शून्यावर येते. बीएमएस सगळे सेल एका पातळीवर आणतो ते जवळपास पूर्ण चार्ज झाल्यावरच, तेही अगदी थोड्या करंटने. आठवडेच्या आठवडे ऊन नाही, बॅटरी ७० टक्क्यांवर अडकलेली, मग एखादा सेल मागे पडतो आणि सगळ्यांच्या आधी तळाला जातो. पंधरवड्यातून एकदा ग्रिडवरून पूर्ण भरून ५६ व्होल्टवर दोन-तीन तास धरली की बहुधा ताळ्यावर येते. जून ते सप्टेंबर राखीव साठाही ४० टक्के ठेवावा.

गावचे घर बंद ठेवून चतुर्थीलाच येणाऱ्यांसाठी: निघताना बॅटरी निम्मी भरलेली असू द्या आणि तिचा स्वतःचा ब्रेकर बंद करा. १५ टक्क्यांवर सोडली तर बीएमएसच तेवढे हळूहळू पिऊन टाकतो. सेल २ व्होल्टच्या खाली गेला की त्याला पुन्हा चार्ज देणे धोक्याचे, आणि बहुतेक वॉरंट्या असे नुकसान भरून देत नाहीत.