तुकडी 120 जणांची असेल तर कोणती पद्धत निवडावी? सक्रिय अध्ययनाच्या पद्धतींचा तुलनात्मक आढावा

येत्या सत्रात केवळ व्याख्यानावर भागवायचे नाही असे ज्या अध्यापकाने ठरवले आहे, पण त्याऐवजी नेमके काय करावे याचा निर्णय अद्याप झालेला नाही, त्याच्यासाठी हा आढावा लिहीत आहे. मी सांगलीत पदवीच्या पहिल्या दोन वर्षांना अर्थशास्त्र शिकवतो. वाणिज्य शाखेची तुकडी 120 जणांची आहे, बाक जमिनीला खिळलेले आहेत, तासिका 48 मिनिटांची आहे आणि तिच्यातली पाच-सहा मिनिटे हजेरीतच जातात. निम्मा वर्ग जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या बाजूंनी एस.टी.च्या पासावर येतो, त्यामुळे शेवटच्या तासिकेत मुलांचे लक्ष फळ्यापेक्षा घड्याळाकडे अधिक असते. पुस्तकांत रंगवलेला वर्ग गोल टेबलांचा आणि तीस विद्यार्थ्यांचा असतो. येथे प्रत्येक पद्धत आपल्या बाकांवर बसवून पाहिली आहे.

व्याख्यान सोडण्याचा हा खटाटोप मुळात करावा का, याचे उत्तर आधी द्यायला हवे. स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील 225 अभ्यास एकत्र करून तपासले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्ण होणाऱ्यांचे सरासरी प्रमाण 33.8 टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या, म्हणजे विद्यार्थी नुसते न ऐकता वर्गातच विचार, चर्चा आणि सराव करतात अशा वर्गांत ते 21.8 टक्के आढळले. परीक्षेतील गुणही सुमारे सहा टक्क्यांनी वाढलेले दिसले. हे आकडे वाणिज्य किंवा कला शाखेला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, त्यांतून दिशा तेवढी घ्यावी. त्याच तपासणीतील एक बाब मात्र आपल्याकडच्या चर्चासत्रांत फारशी ऐकू येत नाही: फायदा सर्व आकारांच्या वर्गांत दिसला असला, तरी सर्वाधिक फायदा पन्नास किंवा त्याहून कमी विद्यार्थ्यांच्या वर्गांत होता. म्हणजे 120 जणांच्या तुकडीत पद्धतीची निवड चुकली, तर ती सावरून घ्यायला फारशी जागा राहत नाही.

सर्वांत स्वस्त पर्याय जोडीने विचार करण्याचा आहे. मेरीलँड विद्यापीठातील फ्रँक लायमन यांनी 1981 साली मांडलेल्या या पद्धतीत विद्यार्थी आधी एकट्याने विचार करतो, मग शेजाऱ्याशी बोलतो आणि शेवटी काही जोड्या आपले उत्तर वर्गासमोर ठेवतात. आदल्या रात्री तयारी लागत नाही, बाक हलवावे लागत नाहीत आणि चार-पाच मिनिटांत काम होते. यातली खरी अडचण पहिल्या पायरीवर येते, कारण शांतता सोसणे आपल्याला जमत नाही. मेरी बड रो यांनी वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासले तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असे त्यांना दिसले. तोच अवधी तीन सेकंदांपर्यंत नेल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. पद्धतीची दुसरी उणीव अशी की, शेवटी हात वर करणारी मुले नेहमीचीच असतात, आणि उरलेल्या शंभर जणांच्या डोक्यात काय चालले आहे याचा पत्ता अध्यापकाला लागत नाही.

ही उणीव हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी 1991च्या सुमारास सुरू केलेली पद्धत भरून काढते. सोयीसाठी तिला सहाध्यायी अध्यापन म्हणू. अध्यापक दहा-बारा मिनिटे एक संकल्पना समजावतो आणि तिच्यावर एक बहुपर्यायी प्रश्न ठेवतो, ज्याचे उत्तर पाठांतरातून मिळणार नाही. प्रत्येक जण कोणाशीही न बोलता उत्तर नोंदवतो. साधारण 30 ते 70 टक्के उत्तरे बरोबर आली, तर शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून देण्यासाठी दोन-तीन मिनिटे दिली जातात आणि मग पुन्हा उत्तर घेतले जाते. त्याहून कमी आली तर संकल्पना नव्याने शिकवावी लागते, आणि जास्त आली तर थोडक्यात खुलासा करून पुढे जाता येते. या पद्धतीची ताकद या मधल्या पट्ट्यात आहे, कारण जी गोष्ट कालच उमगली ती उमगताना काय अडले होते हे शेजारच्या मुलाला अजून आठवत असते, आपण मात्र ते केव्हाच विसरलेलो असतो.

माझ्या विषयातले एक उदाहरण देतो. पाऊस कमी झाला, हळदीचे पीक घटले, सांगलीच्या बाजार समितीत सौद्याला भाव चढला आणि गृहिणींनी पूर्वीपेक्षा कमी हळद घेतली. तर हा मागणीचा संकोच की मागणीचा ऱ्हास? व्याख्या सगळ्यांना पाठ असतात. तरीही पहिल्या फेरीत वर्गाचा मोठा भाग ‘ऱ्हास’ असे उत्तर देतो, कारण खरेदी कमी झाली एवढेच त्याच्या डोळ्यांसमोर असते. मग एखादी मुलगी मैत्रिणीला सांगते की भाव बदलल्यामुळे खरेदी बदलली, म्हणजे आपण मागणीच्या त्याच वक्रावर वर सरकलो, वक्र काही जागचा हलला नाही, म्हणून हा संकोच; ऱ्हासात वक्रच सरकतो. हे वाक्य मी फळ्यापाशी उभा राहून तीनदा बोललो असतो, तरी वहीत उतरण्यापलीकडे त्याचे काही झाले नसते.

उत्तरे नोंदवायला इलेक्ट्रॉनिक यंत्रे लागत नाहीत. कोऱ्या कागदाला दोन घड्या घालून चार भागांवर अ, ब, क, ड मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावेत आणि मुलांनी हवा तो भाग छातीशी धरून दाखवावा. हात उंचावायला सांगितले की मागचा बाक पुढच्या बाकाकडे पाहून मत ठरवतो, म्हणून कागद छातीशीच हवा. खिळलेल्या बाकांवर पुढच्या ओळीने मागे वळून बसायचे एवढी शिस्त लावली की चार-सहा जणांचा गट आपोआप होतो. चर्चा मराठीत होऊ द्यावी आणि संज्ञा तेवढ्या पाठ्यपुस्तकातल्या वापराव्यात. इंग्रजीतूनच बोला असा आग्रह धरला की बोलणारे पुन्हा तेच चौघे उरतात. खर्च होतो तो प्रश्न तयार करण्यात. एक चांगला प्रश्न लिहायला मला तासभर लागतो, कारण त्याचे चुकीचे पर्याय मुले खरोखर करतात त्या चुकांमधून घ्यावे लागतात. त्यासाठी मी मागील वर्षांच्या उत्तरपत्रिका चाळतो. तीन वर्षांत साठेक प्रश्न जमले की पुढचा भार बराच हलका होतो. एका तासिकेत असे दोन प्रश्न बसतात, तिसऱ्याचा हट्ट धरला तर पोर्शन मागे पडतो.

उलट्या वर्गाचा सध्या सर्वांत अधिक गाजावाजा आहे. व्याख्यान ध्वनिचित्रफितीवर घरी पाहायचे आणि वर्गातला वेळ उदाहरणे सोडवण्यात घालवायचा, ही कल्पना कागदावर निर्दोष दिसते. मीही एका सत्रात लवचिकता या प्रकरणासाठी चार चित्रफिती तयार केल्या, पहिलीच बावीस मिनिटांची होती. सोमवारी वर्गात विचारले तेव्हा ती पूर्ण पाहिलेले अकरा जण निघाले. राग येण्याआधी कारणे विचारली हे बरे झाले: कोणाचा फोन दिवसभर वडिलांकडे असतो, कोणाच्या वस्तीवर रेंज येत नाही आणि कोणी कॉलेज सुटल्यावर थेट दुकानात कामाला जातो. उरलेल्यांसाठी मी तेच सगळे वर्गात पुन्हा सांगितले, त्यामुळे पाहून आलेल्या अकरा जणांनाही पुढच्या वेळी पाहून येण्याचे कारण उरले नाही.

तरीही पद्धत टाकाऊ ठरवणे अन्यायाचे होईल. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील वुडलँड पार्क येथील जोनाथन बर्गमन आणि अॅरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी 2007 साली ती रूढ केली, ती खेळांच्या सामन्यांसाठी दूरच्या प्रवासात तासिका बुडवणाऱ्या मुलांची सोय करण्यासाठी. गैरहजर विद्यार्थी हेच तिचे जन्मकारण असेल, तर आपल्याकडे तिची खरी वेळ जुलै-ऑगस्टमध्ये येते. सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने 40 फुटांची इशारा पातळी गाठली की नदीकाठच्या गावांतली मुले येईनाशी होतात, आणि 45 फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर शहरातच कोणी धड पोहोचत नाही. त्या आठवड्यासाठी सहा-सात मिनिटांच्या, कमी डेटा खाणाऱ्या चित्रफिती आणि सोबत छापील दोन पानांचे टिपण तयार ठेवावे. सत्रभर पूर्ण वर्ग उलटा चालवायचा असेल तर चाळीसपर्यंतची तुकडी, वसतिगृहातली मुले आणि पूर्वतयारीला प्रत्यक्ष अंतर्गत गुण या तिन्ही गोष्टी हव्यात. अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत त्या जुळू शकतात, वाणिज्यच्या मोठ्या तुकडीत जुळत नाहीत.

जिगसॉ पद्धतीविषयी थोडक्यातच सांगतो. एलियट अॅरन्सन यांनी ती 1971 साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे आणली, तेव्हा तिथल्या शाळांत कृष्णवर्णीय, गौरवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले नुकतीच एकत्र बसू लागली होती आणि वर्गांत तणाव होता. पाठाचे तुकडे करून प्रत्येकाला एक द्यायचा, म्हणजे इतरांना विचारल्याशिवाय कोणाचाच पाठ पूर्ण होत नाही. ज्या भागात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली, तिथल्या अध्यापकाला यामागचा हेतू समजावून सांगण्याची गरज नाही. अडचण व्यावहारिक आहे: गट दोनदा बदलावे लागतात, खिळलेल्या बाकांमधून 120 मुले उठून पुन्हा बसेपर्यंत दहा मिनिटे जातात, आणि एक जण गैरहजर असला की त्याचा तुकडा गळतो. वीस-पंचवीस जणांच्या ट्यूटोरियलमध्ये, वर्णनात्मक प्रकरणासाठी, सत्रातून एकदा ती जरूर वापरावी.

मोठ्या तुकडीत सहाध्यायी अध्यापनाशी बरोबरीने टक्कर देणारी पद्धत संघाधारित अध्ययनाची आहे. ओक्लाहोमा विद्यापीठातील लॅरी मायकलसन यांचा वर्ग 1970च्या दशकाच्या अखेरीस 40 वरून 120 वर गेला, तेव्हा त्यांनी ती बसवली. योगायोगाने आकडा आपलाच आहे. सत्रभर कायम राहणारे पाच ते सात जणांचे संघ, घटकाच्या सुरुवातीला प्रत्येकाची छोटी चाचणी, तीच चाचणी लगेच संघाने मिळून सोडवणे आणि त्यानंतर उपयोजनाचा प्रश्न, असा तिचा क्रम आहे. सहाध्यायी अध्यापनात मनात येईल तेव्हा थांबता येते, येथे मात्र सत्राचे वेळापत्रक आधी आखावे लागते आणि संघाच्या कामाला गुण द्यावे लागतात. विभागप्रमुखांनी अंतर्गत मूल्यमापनात तेवढी मोकळीक दिली असेल, तर विद्यार्थी नियमित येतात हा तिचा मोठा लाभ आहे, कारण आपण न आल्याने सहा जणांचे गुण जातात हे प्रत्येकाला कळते. मोकळीक नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

समस्याधारित अध्ययन कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात 1969 साली सुरू झाले. तेथे लहान गट आणि प्रत्येक गटामागे एक मार्गदर्शक होता. आपल्याकडे एवढे मनुष्यबळ नाही, पण तृतीय वर्षाच्या पंचवीस मुलांच्या ऐच्छिक विषयासाठी याहून चांगले काही नाही असे माझे मत आहे, कारण समस्या दाराशी आहेत. 2005 आणि 2019 या दोन्ही महापुरांत सांगलीच्या गणपती पेठेत पाणी शिरले. तेथील घाऊक व्यापाऱ्याने आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर असताना माल हलवायला सुरुवात करावी, हा एकच प्रश्न मुलांपुढे ठेवावा. मग हमालीचे दर, टेंपोचे भाडे, उगीच माल हलवल्यास बुडणारा धंदा, कोयनेतून होणारा विसर्ग, विम्याच्या अटी असे सगळे त्यांना स्वतः गोळा करावे लागते आणि अनिश्चिततेतील निर्णय हे प्रकरण शिकवावे लागतच नाही. याला तीन आठवडे लागतात. पहिल्या वर्षाच्या पोर्शनमध्ये तीन आठवडे मिळत नाहीत, शिवाय ज्यांचा पाया कच्चा आहे ती मुले मोकळ्या प्रश्नात भरकटतात.

निर्णय घेताना एका धोक्याची पूर्वकल्पना हवी. लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डच्या प्रारंभिक भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. सक्रिय वर्गातील विद्यार्थी चाचणीत अधिक शिकलेले निघाले, परंतु आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटत होते. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळे कळल्यासारखे वाटते, आणि स्वतः झटताना होणारी ओढाताण म्हणजे न कळणे असा समज होतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुण अध्यापकासाठी ही बाब पोटापाण्याची आहे, कारण ‘सर काही शिकवतच नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात’ अशी तक्रार प्राचार्यांपर्यंत जायला वेळ लागत नाही. यावर उपाय पहिल्याच आठवड्यात करायचा असतो: हा अभ्यास मुलांना पाच मिनिटांत सांगावा आणि पहिल्या छोट्या चाचणीनंतर त्यांचे गुण त्यांनाच दाखवावेत. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या दुसऱ्या निकषात विद्यार्थीकेंद्री पद्धतींचा उल्लेख असल्यामुळे विभागाकडून हरकत सहसा येत नाही, फक्त जिओटॅग केलेल्या (ठिकाणाची नोंद असलेल्या) छायाचित्रासाठी गट करून बसवणे आणि शिकवण्यासाठी बसवणे यांची गल्लत तेवढी टाळावी.

म्हणून माझी शिफारस अशी. मोठी तुकडी, पहिले किंवा दुसरे वर्ष आणि गुणांवर आपला अधिकार नाही, अशी स्थिती असेल तर सहाध्यायी अध्यापन घ्यावे, आणि प्रश्न तयार नसतील त्या तासिकेला जोडीच्या चर्चेवर भागवावे. गुणांचा अधिकार आणि विभागाचा पाठिंबा असेल तर संघाधारित पद्धत अधिक फळ देते, मात्र ती पहिल्याच वर्षी एकट्याने सुरू करू नये, समांतर तुकडीच्या सहकाऱ्याला सोबत घ्यावे. तृतीय वर्षाला समस्या द्यावी. चित्रफिती पुराच्या आठवड्यासाठी करून ठेवाव्यात. व्याख्यानही पूर्ण सोडू नये: नव्या प्रकरणाची पहिली दहा मिनिटे आणि परीक्षेपूर्वीची उजळणी याला त्याच्याइतके सुटसुटीत दुसरे काही मला सापडलेले नाही. सुरुवात एकाच तुकडीपासून आणि आठवड्याला दोन प्रश्नांपासून करावी, आणि प्रत्येक प्रश्नाला दोन्ही फेऱ्यांत किती कागद बरोबर दिसले याचा अंदाज वर्गातून बाहेर पडण्यापूर्वी वहीत लिहून ठेवावा. ज्या प्रश्नाला दुसऱ्या फेरीतही आकडा हलला नाही, तो प्रश्न तरी बदलायचा असतो किंवा त्याआधीची दहा मिनिटे.