ई-कोर्ट्स सर्विसेस ॲप: खारीज झालेले अपील मोबाइलवर दिसले तेव्हा

ई-कोर्ट्स सर्विसेस हे न्यायालयातील प्रकरणांची माहिती दाखवणारे मोफत ॲप मुलाने माझ्या मोबाइलमध्ये टाकून दिले होते, पण वकीलपत्र दिल्यानंतर पक्षकाराने त्यात डोके घालण्याचे कारण नाही, असे मी समजत होतो. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी तारखेला जायचे म्हणजे पहिली एसटी धरावी लागते आणि तारीख पुढे गेल्याचे कळेपर्यंत दुपार होते; त्यामुळे "तुम्ही येऊ नका, मी पाहतो" हे वकीलसाहेबांचे वाक्य आम्हाला सोयीचेच वाटत असे.

वाद धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा होता. खालच्या न्यायालयाचा हुकूमनामा आमच्या विरुद्ध गेला, त्यावर आम्ही अपील केले आणि स्थगितीही मिळाली. सोयाबीन काढणीच्या गडबडीत एका तारखेचा निरोप वकीलसाहेबांच्या मुन्शींकडून, म्हणजे कारकुनाकडून आलाच नाही. रेकॉर्डवर मोबाइल नंबरही आमच्याऐवजी त्यांचाच दिलेला असल्यामुळे एसएमएस आला असेल तरी तो तिकडेच राहिला. पुढे एका संध्याकाळी, वेचलेल्या कापसाचे गाठोडे सोडता सोडता, सातबाऱ्याच्या उताऱ्यामागे लिहिलेला आमच्या प्रकरणाचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र ओळख) मुलाने ॲपमध्ये टाकला. 'केस डिस्पोज्ड' आणि त्याखाली 'अनकंटेस्टेड, डिसमिस्ड इन डिफॉल्ट' असे दिसले. त्याने अर्थ सांगितला: पुकारा झाला, आपल्या बाजूने कोणीच नव्हते, अपील खारीज. अपील खारीज झाल्यापासूनचा तो १९ वा दिवस होता.

दिवस मोजण्याचे कारण असे की, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम १७ प्रमाणे अपिलार्थी गैरहजर राहिल्यास न्यायालय अपील खारीज करू शकते, आणि नियम १९ प्रमाणे ते पुन्हा दाखल करून घ्यावे असा अर्ज खारीज झाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत करावा लागतो. मुदत उलटल्यास विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि त्याची वेगळी कारणे द्यावी लागतात. दरम्यान अपिलाच्या आधारावर उभी असलेली स्थगिती राहत नाही आणि विरुद्ध बाजूला हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज चालवायला वाट मोकळी होते; माझी झोप उडाली ती यामुळेच. दिलासा एवढाच की, अशा गैरहजेरीत न्यायालयाला अपिलाच्या गुणदोषांवर निर्णय देता येत नाही, म्हणजे धुरा कोणाचा हे त्या आदेशाने ठरले नव्हते. (फौजदारी अपिलाचे वेगळे आहे, ते केवळ गैरहजेरीसाठी खारीज करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले आहे.) उत्तरवादी, म्हणजे अपिलातील विरुद्ध पक्ष गैरहजर राहिल्यास अपील एकतर्फी चालते, आणि पुन्हा सुनावणी मागण्यासाठी त्यालाही पुरेसे कारण दाखवावे लागते.

आम्ही नक्कल विभागातून आदेशाची प्रमाणित प्रत काढली, कारण मोबाइलच्या पडद्यावरील माहिती ही नक्कल नव्हे, आणि प्रतिज्ञापत्रासह मुदतीतच अर्ज दिला. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटले आहे. तरीही पक्षकाराने स्वतः चौकशी केली होती का, हा प्रश्न येतोच, आणि त्याचे माझ्याकडचे उत्तर फारसे भूषणावह नव्हते. विरुद्ध बाजूला खर्च देण्याच्या अटीवर अर्ज मंजूर झाला.

ॲपमधला 'माय केसेस' हा भाग मला सर्वांत उपयोगी वाटला. त्यात प्रकरण एकदा जतन केले की पुढची तारीख आणि उपलब्ध आदेश तिथेच पाहता येतात. सीएनआर हाताशी नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येते. मात्र पुकारा नेमका किती वाजता होईल हे त्यावरून ठरवता येत नाही, म्हणून तारीख पाहून घरी बसणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. पाचपैकी चार गुण. मुन्शींचा फोन मागच्या तारखेलाही आला नाही. मी मात्र पहिल्या एसटीने निघालो होतो.